डोकेदुखीचे दहा फॉर्म

१० नोव्हेंबर, सोमवार

तेलीबांध्याच्या हॉटेलात डोकेदुखीचं ट्रेनिंग. म्हणे, प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना डोकेदुखी ओळखता येत नाही. आणि शिकवायला कोण, तर पराग! कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होता, माझ्या वह्या उतरवून पास झाला. आता नागपूरचा मोठा मेंदूतज्ज्ञ. "पेशंटला वीस मिनिटं बोलू द्या," म्हणाला. गुढियारीच्या आमच्या केंद्रात एक वाजेपर्यंत माझ्यासमोर नव्वद माणसं असतात. हात वर करून सांगणार होते, पण वहीत 'वीस मिनिटं' असं लिहून घेतलं. जेवणात पनीर बरं होतं.

११ नोव्हेंबर

आज डोळ्याच्या आत बघायचं यंत्र हातात दिलं. मेंदूवर दाब वाढला की डोळ्याची नस सुजते, ती यातून दिसते. वेळेवर दिसली तर नजर वाचते. बाकीचे चाचपडत होते, मला पहिल्याच खेपेला दिसली. पराग बघतच राहिला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रत्येक केंद्राला एक यंत्र. महिनाअखेर दहा पेशंटांचे फॉर्म भरून पाठवायचे, एक प्रत पेशंटला द्यायची. आणखी कागद!

१४ नोव्हेंबर

यंत्र दिवाकरच्या कपाटात गेलं. दिवाकर आमचा स्टोअरकीपर – नवी वस्तू आली की तिला आधी कुलूप. "मॅडम, बिगडून गेलं त जवाब मले द्या लागते." भांडायला हवं होतं. बाहेर रांग ओरडत होती.

२० नोव्हेंबर

शेवंता आली. चौतिशीची, मालधक्क्यावरच्या लहानूची बायको. "मॅडम, तीन महिने झाले, डोकं ठणकून राहिलं. खाली वाकली का अंधारी येते. कानात पंप चालल्यावानी आवाज येते." एकेक शब्द परागच्या व्याख्यानातला. अशा पेशंटच्या डोळ्यात बघायचंच, असं तो तीनदा म्हणाला होता. पण दिवाकर सुट्टीवर, चावी त्याच्या खिशात. सोमवारी ये म्हटलं. "हव," म्हणाली.

२४ नोव्हेंबर

शेवंता आली. आज दिवाकर होता, चावीही होती. पण डोळ्यात बघायला अंधारी खोली लागते आणि आमच्या त्या खोलीत पोलिओचे खोके छतापर्यंत. शंभर पेशंट. तिला गोळ्या दिल्या, वजन कमी कर म्हटलं. उठून गेली तेव्हा हायसं वाटलं. लाज नाही वाटली, हे लिहून ठेवते.

२८ नोव्हेंबर

दहाही फॉर्म एका बैठकीत भरले. इथला नियम मी पहिल्याच वर्षी शिकले – रकाना रिकामा सोडला तर वरून फोन येतो, 'नॉर्मल' लिहिलं तर कुणी विचारत नाही. डोळ्याची नस : नॉर्मल. दहा वेळा. बाकी माहिती मात्र खरी लिहिली, शेवंताची तर अगदी तिच्याच शब्दांत. सिस्टर रीनानं प्रती पेशंटांना वाटल्या.

५ डिसेंबर

ट्रेनिंगची पुढची बैठक, त्याच हॉटेलात. परागनं सगळ्यांसमोर पडद्यावर फॉर्म लावला. माझा! शेवंताचा. "ऐसी हिस्ट्री लेते हैं. सरला मॅम से सीखिए." टाळ्या. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "लक्षणं वाचून मी घाबरलो होतो. पण मॅमनं नस बघितली आहे, नॉर्मल आहे. म्हणजे घाई नाही. जानेवारीत माझ्याकडे पाठवा."

तेव्हा बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं – मी बघितली नाही. चाळीस डॉक्टर माझ्याकडे वळून हसत होते. मीही हसले.

८ डिसेंबर

रीनाला फोन करायला लावला. लहानू म्हणाला, शेवंता लग्नाला डोंगरगडला माहेरी गेली. सुटल्यासारखं वाटलं. येईल तेव्हा बघू.

१५ डिसेंबर

लहानू तिला हाताला धरून घेऊन आला. डाव्या डोळ्याला आता उजेडही कळत नाही. दिवाकरकडून चावी हिसकावली, रीनासोबत खोके स्वतः बाहेर ओढले, बघितलं. दोन्हीकडच्या नसा सुजलेल्या. पाच मिनिटं लागली. मोठ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती बाकावर बसून मलाच समजावत होती – "तुमची काय चुकी, मॅडम. हे म्हणून राहिले होते, शंकर नगरच्या डोळ्याच्या डॉक्टरले दाखवू. मीच गेली नाही. म्हटलं, काहून जायचं, आपल्या मॅडमनं पाहून नॉर्मल लिहिलं आहे न."