लेनसाठी वाढलेलं पान

६ सप्टेंबर १९९७, शनिवार. अप्पर हट.

आलो बुवा एकदाचा. वेलिंग्टनच्या विमानतळावर असा वारा की विमानाने धावपट्टी पाहिली, नाक मुरडलं आणि पुन्हा वर गेलं. दुसऱ्या खेपेला टेकलं. बाहेर विनया, जावई नितीश आणि ऋग्वेदा. नातीला मी मांडीवरची पाहिलेली, आता समोरचे दोन दात पडलेली. मी मराठीत विचारलं, ओळखलंस का आबाला? ती इंग्रजीत म्हणाली की फोटोत तुमचे कान इतके मोठे दिसत नाहीत. विनया ओशाळली, मी मात्र खूश. पोरगी खरं बोलते.

घर लाकडी, बुटकं, मागे डोंगर. गल्लीच्या तोंडाशी दुकान, त्याला इथे डेअरी म्हणतात. दूधही मिळतं, पण मुख्य माल गोळ्या-चॉकलेटांचा. आमची ही, श्यामला, असती तर गॅलरी नाही म्हणून आधी कुरकुरली असती आणि मग अंगणात वाळवणं घातली असती. तिला जाऊन वर्ष होत आलं. विनया म्हणाली, बाबा, इचलकरंजीत एकटे काय करता, या इकडे. आलो. थंडी आहे, पण चहा झकास.

१० सप्टेंबर

मला नोकरी लागली. ड्रायव्हरची, बिनपगारी.

ऋग्वेदाला दमा. विनया इस्पितळात नर्स, नितीश डोंगरापलीकडे मास्टरटनच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. पोरगी शाळेत धापा टाकायला लागली की कुणीतरी काम सोडून धावायचं. त्यावर नितीशने तोड काढली. शेजारच्या मॉरीनबाईंकडून त्यांची जुनी जपानी व्हॅन घेतली. पांढरी, उंच टपाची, मागची बाकं काढून गादी टाकलेली. ड्रायव्हरच्या सीटमागे इन्व्हर्टर बसवलेला. गाडीच्या बॅटरीतून घरातल्यासारखी वीज काढायची पेटी. त्यावर मुलीचं वाफेचं मशीन चालतं. नितीशचा मोबाइल (विटेएवढा आहे) आणि विनयाच्या व्हिडिओ कॅमेऱ्याची बॅटरीही जाता-येता चार्ज होते.

मी सातवीतून उठलो आणि उभा जन्म मोटारी वाइंडिंग करण्यात घालवला. पेटी बघून हात शिवशिवले. उघडून पुसली, नट आवळले. सुरेख माल. आत छोटा पंखा आहे, लोड आला की आपोआप फिरतो, लोड गेला की थांबतो. नितीश म्हणाला, बाबा, वॉरंटी गेली आता. मी म्हटलं, माझी कधीच संपली, तरी चालतोय ना?

१८ सप्टेंबर

रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी व्हॅन लावून बसतो. गोऱ्या आया हात हलवतात. एक माओरी आजोबा नातवाला न्यायला येतात, लांबूनच किया ओरा म्हणतात, मी रामराम म्हणतो. दोघांचं भागतं.

आज एक गंमत. मशीन काढून ठेवलेलं, मोबाइल नितीशच्या खिशात, दोन्ही सॉकेट रिकामी. तरी पंखा सुरू. हात लावला तर पेटी कोमट. कुणीतरी वीज घेतंय, पण घेणारा नाही. आतला स्विच चिकटला असेल म्हणून पुन्हा खोलली. स्विच ठणठणीत.

२५ सप्टेंबर

पंखा अजून तसाच. बॅटरीही रोज थोडी खाल्लेली असते. मनात पाल चुकचुकली म्हणून मॉरीनबाईंकडे गेलो. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं घाईचं, पण चहावर जमलं.

पेटी त्यांच्या नवऱ्याने बसवली होती. लेन त्याचं नाव. फुप्फुसं गेलेली, श्वासाच्या मशीनशिवाय चालत नसे. पण भटकायची हौस, म्हणून व्हॅनमध्ये सगळी सोय. गेल्या हिवाळ्यात दोघं मास्टरटनच्या वाटेवर, रिमुटाकाच्या घाटमाथ्यावर दरी बघायला थांबली. पेट्रोल कमी होतं म्हणून बाईंनी इंजिन बंद केलं आणि पाय मोकळे करायला गेल्या. बॅटरी म्हातारी झाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. परत आल्या तेव्हा मशीन थांबलेलं.

बाई रडल्या नाहीत. बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवत म्हणाल्या की लेनला श्वास कधी पुरलाच नाही. मशीन पूर्ण वाढवलं तरी म्हणायचा, अजून थोडा. मग विचारलं, तुमची नात त्या गाडीत आनंदात असते ना? मी हो म्हटलं. सगळा वेळ त्यांनी खिडकीबाहेरच्या व्हॅनकडे एकदाही पाहिलं नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. सर्वपित्री.

पहाटे उठून एकट्याने स्वयंपाक केला. खीर, वडे, अळू मिळेना म्हणून पालकाची भाजी, आमसुलाची चटणी. विनया म्हणाली, बाबा, इथे कावळे नसतात. मी कुंपणावर पान ठेवलं, मॅगपाय नावाचा इथला काळा-पांढरा पक्षी आला आणि आमच्या कावळ्याच्या ऐटीत वडा घेऊन गेला. श्यामला पावली म्हणायची.

मग वाटलं, त्या लेनचं कोण करणार? परक्या मुलखातलं माणूस, पण तडफडून गेलं. अजून गाडीत असेल तर उपाशीच असणार. आणखी एक पान वाढलं, व्हॅनमध्ये गादीवर पेटीशेजारी ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. पितरांना काय म्हणायचं ते मला पाठ आहे: तृप्त व्हा आणि आपल्या जागी जा. पण मंडळी पंगतीला बसली की वाढणाऱ्याच्या तोंडी जे येतं तेच माझ्या तोंडून गेलं.

"लेनभाऊ, सावकाश होऊ द्या. आता तुम्ही घरचेच. संकोच करू नका, लागेल ते मागून घ्या."

म्हणून झाल्यावर जीभ चावली. मग म्हटलं, त्याला मराठी कुठे येतं!

पंखा थांबला. बरं वाटलं.

४ ऑक्टोबर

पान जसंच्या तसं होतं, पण वडे हातात घेतले तर कागदासारखे हलके. खिरीला वास नाही, चव नाही. टाकून दिली.

पंखा पुन्हा सुरू, पण एकसारखा नाही. वेग चढतो, उतरतो, जरा थांबतो, पुन्हा चढतो. असला पंखा मी जन्मात ऐकला नाही.

बाकी बातमी चांगली. ऋग्वेदा व्हॅनमध्ये बसली की खोकला गायब. मशीनही लागत नाही. गाल गुलाबी, तोंडाची टकळी. विनया म्हणाली, बाबा, तुमचा पायगुण.

८ ऑक्टोबर

पायगुण नाही.

आज शाळेपाशी पेटीचं बटण बंद केलं, बॅटरी वाचावी म्हणून. पोरगी दप्तर टाकून आत चढत होती, ती तिथेच वाकली. छाती आत ओढली गेली. मशीन लावायला म्हणून बटण दाबलं. मशीनची वायर माझ्या हातात, अजून लावायचीच होती, आणि पोरगी सरळ उभी राहिली. हसली.

पुन्हा बंद केलं. पुन्हा वाकली.

तिसऱ्यांदा करून बघायची माझी छाती झाली नाही.

मग लक्ष देऊन ऐकलं. पंख्याचा चढ-उतार आणि तिच्या छातीचा चढ-उतार एकच.

११ ऑक्टोबर. दसरा.

हत्यारांची पूजा करायचा दिवस आणि मी पेटीच्या वायरी सोडवल्या.

वाटलं, मुळावरच घाव घालू. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, पेटी उचलून गॅरेजच्या बाकावर ठेवली. तारा लोंबत्या. वीज कुठूनच नाही.

पंखा फिरत होता. हळू, जड, घसा खरवडल्यासारखा.

घरातून विनयाची हाक आली. मी धावलो. ऋग्वेदाचे ओठ जांभळे. नितीशने उचलली, दोघं इस्पितळात. मी मागे राहिलो, पेटी परत जागी बसवली, तारा जोडल्या, इंजिन सुरू केलं. घाईत पाना दोनदा पडला.

थोड्या वेळाने घरात फोन वाजला. विनया. डॉक्टर इंजेक्शन भरतच होते, तेवढ्यात पोरगी आपोआप सावरली. विनया नर्स आहे, तिलाही कळेना. मला कळलं.

१३ ऑक्टोबर

पोरगी घरी आली. सांगितलं दोघांना सगळं. पान वाढल्याचंही सांगितलं. नितीशने ऐकून घेतलं, माझा हात धरला, म्हणाला बाबा, आईंना जाऊन वर्ष होतंय, तुम्ही नीट झोपत नाही. विनया म्हणाली, माझी मुलगी मरता मरता वाचली आहे, आता भुतं नकोत.

बरोबर आहे तिचं. मीही तेच म्हटलं असतं.

ऋग्वेदा खिडकीत उभी होती. व्हॅनकडे बघत.

"आबा, डोन्ट टर्न इट ऑफ. लेन सेज यू टोल्ड हिम टु आस्क."

तिला त्याचं नाव कुणी सांगितलं?

१४ ऑक्टोबर

दोघं कामावर. पोरगी घरी, माझ्याजवळ.

व्हॅनमध्ये गेलो. हात जोडून म्हटलं, जा. तृप्त व्हा, जा. मराठीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. पंखा आणखी जोरात.

भूक वाढलीय त्याची. इंजिन बंद केलं की पेटीची शिटी वाजते, बॅटरी संपली म्हणून. नवी बॅटरी घातली, तीही तशीच. घरचा चार्जर लावला, तो जळाला. इंजिन चालू तोवरच पुरतं. दिवसभर अंगणात चालू ठेवलं.

गाडी एकट्याने लांब न्यायला निघालो. वळणाआधीच मॉरीनबाई हात हलवत मागे धावत — पायरीवर ऋग्वेदा आडवी —

परत फिरलो. इस्पितळात होती तेव्हा अंतर चाललं, आता तेवढंही चालत नाही.

तो गाडीत नाही. तिच्या छातीत आणि पेटीत, दोन्हीकडे आहे. मधल्या तारेवर जगतो.

१५ ऑक्टोबर, सकाळ

रात्रभर इंजिन चालूच ठेवलं. ठरवलं. जिथे गेला तिथेच नेऊन सोडायचा. घाटमाथ्यावर. तिला बरोबर न्यावंच लागणार. विनयाला चिठ्ठी लिहिली आहे.

पेट्रोल भरायला थांबलो. इंजिन बंद करा, नाहीतर भरू देत नाहीत. बंद केलं. शिटी. मागे पोरगी गादीवर — चालू केलं, तसाच निघालो. पंपावरचा माणूस ओरडत होता.

काटा खाली आहे.

घाटमाथा

पोचलो. ऊन लख्ख. वारा. दरी पिवळी, गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांच्या फुलांनी भरलेली. किती सुंदर. पलीकडे एका बाईची गाडी, थर्मास घेऊन बसलीय.

पुन्हा पान वाढलं. घरून आणलेला भात, दही. जा म्हटलं. तुमची जागा आली, लेनभाऊ, उतरा.

उतरत नाही.

इंजिन आचके देतंय.

काटा तळाला. ऋग्वेदा झोपलीय, पंख्याबरोबर छाती वर — खाली — वर. इंजिन बंद पडेल तेव्हा —

नितीशचा मोबाइल उचलून आणलाय, पण इथे सिग्नल नाही.

एकच उरलं. तो मागणारा, मी देणारा. मीच म्हटलं होतं ना. पेटीच्या तारा काढून हातात घेतल्या. दोन्ही हातांत.

"लेनभाऊ, पोरीला सोडा. माझा घ्या. सगळा घ्या."

इंजिन बंद पडलं. शांत.

पंखा चालू आहे.

ऋग्वेदा उठली. खोकली नाही. बाहेर पळाली, धावतेय. वाऱ्यात केस. धावतेय पोरगी माझी! त्या बाईने तिला बिस्किट दिलं. सुटली. सुटली.

मला उठवत नाही. छातीवर जातं ठेवल्यासारखं. एक तार सोडली, लिहायला. दुसरी सुटत नाही.

विनया, नीट वाच. गाडी विकू नकोस. मोडून टाक. ऋगूला हिच्याजवळ येऊ देऊ नकोस. आधी बटण बंद कर, मी असलो तरी बंद कर, मी काय म्हणतो ते ऐकू

श्वास पुरत नाही

आत दोघं आहोत. तो सरकून जागा देतो. चांगला आहे बिचारा. इतके दिवस किती कमी मिळालं त्याला, आता कळतं. किती कमी —

बटण बंद नको. विनया, एवढ्यात नको. अजून थोडा

काचेशी आलीय. हात काचेवर, बिस्किटाचा चुरा. गाल गुलाबी. छाती कशी भरून येतेय तिची, वर, खाली, भरपूर आहे, तिच्याकडे भरपूर

ऋगू. ये बाळा. दार उघड. आबाजवळ ये, जरा इथे पेटीपाशी बस, आबाला फक्त थो