शेवंतीची ढिली नाल

सोमवार, १२ मे. सकाळी.

आमच्या शेवंतीच्या पुढच्या डाव्या पायाची नाल ढिली झाली. चालताना टकटक वाजते. आणि रविवारी खासबागेत पुतण्या रविराजची वरात! नवरदेव माझ्या घोडीवर, लगाम माझ्या हातात, हे सगळ्या येळ्ळूरला सांगून झालंय. टेन्शनमुळे चहा गेला नाही. दोन कप घेतले, पण चव नाही.

निपाणीच्या भरमा नालबंदाला फोन केला. शुक्रवारी येतो म्हणाला. तोवर घोडी हलवू नका आप्पा, मऊ मातीत बांधा, खुराला गोणपाट गुंडाळा. नाल हिसका बसून निघाली तर खुराचा टवका जाईल, मग काढा लंगडी वरात.

हे मला सांगतो! शिक्षण सहावीपर्यंत, पण घोडं मला आतून कळतं.

निश्चय: शुक्रवारपर्यंत शेवंती जागची हलणार नाही.

सोमवार, संध्याकाळी.

शेजारचे मारुतीराव येऊन बसले. रिटायर्ड कंडक्टर, पण पंचांग तोंडपाठ. म्हणाले, तुमची रास मेष, साडेसाती बसलीया. गुडघे, जळजळ, लाईट बिल, सगळं त्याचंच. उपाय एकच, काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी. मात्र नाल आपोआप गळून पडलेली पाहिजे. नालबंदानं उपटली की गुण संपला.

आपोआप. म्हणजे शुक्रवारच्या आत.

शेवंती तांबडी आहे. पण ओली असली की काळीच दिसते.

मंगळवार, १३ मे.

गोणपाट सोडलं. खुराला हवा नको? शेवंतीला भरपूर पाणी घालून धुतली. बायको मालुबाई बघत होती. अवो, हलवू नका म्हणून सांगितलंय न्हवं त्यानं, ते गोणपाट तुमच्या डोक्याला गुंडाळा, म्हणाली. मालुबाईला घोड्यातलं काय कळतं. शेवंती तिच्या हाकेला मान वळवते, माझ्या हाकेला वळवत नाही. माझा धाक आहे.

बुधवार, १४ मे.

नाल मी पाडणार नाही. ते पाप. पण जनावराचे पाय मोकळे करणं वेगळं. देवळापर्यंत नेऊन आणली. डांबरी रस्त्यानं, कारण मातीच्या वाटेवर धूळ फार. टकटक, टकटक. पडली नाही.

कट्ट्यावरून शामू ओरडला, आप्पा, घोडीला पैंजण केलासा व्हय? सगळे हसले. मी हात वर करून रामराम केला. गावात आदर आहे.

परतताना शेवंती पाय जरा उचलून टाकत होती. नटवी आहे.

गुरुवार, १५ मे. दुपारी.

नाल एका बाजूनं लोंबायला लागली. घोडी लंगडली तर रविराज सजवलेल्या कारमधून जाईल. मग मी लगाम कशाचा धरू, स्टिअरिंगचा?

आता हात लावायचा नाही, असं देवाची शपथ घेऊन ठरवलं. नुसतं बघायला खाली बसलो. बोटानं थोडं चाचपलं. शेवंतीनं पाय उचलला आणि माझ्या पायावर ठेवला. सगळ्या वजनासकट. मी बोंबललो, ती दचकली, तिनं पाय झटकला. नाल निघाली ती खिळ्यांसकट माझ्या चपलेत रुतून राहिली.

म्हणजे आपोआपच पडली. साक्षीदार मी.

मालुबाई पळत आली. आधी घोडीचा पाय बघितला.

शुक्रवार, १६ मे.

भरमा आला. खूर तासला, नवी नाल ठोकली. टवका गेला न्हाय, नशीब तुमचं, घोडी वरातीला तयार, म्हणाला. मग माझा वांग्यासारखा अंगठा बघून म्हणाला, आप्पा, ह्याला माझ्याकडं खिळा न्हाय. मालुबाई इतकी हसली की भरमाच्या चहात साखर दोनदा पडली.

डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर आहे, पाय खाली टेकायचा नाही. म्हटलं, रविवारी मला लगाम धरायचाय. आधी काठी धरा म्हणाले.

मारुतीरावांना नाल दाखवली. चालणार न्हाय, म्हणाले. आपोआप पडाय पाहिजे होती, हिनं तुम्हालाच पाडलंय.

रविवार, १८ मे.

सगळे खासबागेत. मी खाटेवर, पाय उशीवर. मोबाईलवर व्हिडिओ आला. लगाम मालुबाईच्या हातात. पुढं बॅन्जो, फटाके, नाचणारी पोरं आणि शेवंती शांत. मी असतो तर आणखी शांत राहिली असती.

मालुबाई घरी आली ती शहापुरातली एक वरात ठरवूनच. त्या लोकांची अट एकच, घोडीबरोबर ह्याच मावशी पाहिजेत.

ह्या वयात बाईमाणसाला एखादा छंद असलेला बरा. मी परवानगी दिली. तिनं मागितली नव्हती.

पाय बरा झाला की शेण तेवढं तुम्ही काढत जावा, म्हणाली.

म्हणजे मुख्य कारभार अजून माझ्याकडंच आहे.