खोबरेल पाजलेली बंदूक

भांडुप, ४ डिसेंबर २०२३

ती. द्रौपदीआते हिस,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि.

ज्या तोंडाने मी शिकवणीच्या मुलांना पाखरांवर दगड मारू नका म्हणून सांगते, त्याच तोंडाने तुला बंदूक साफ करायची रीत सांगावी का? दोन दिवस हाच विचार केला. पण भातकापणीबरोबर रानडुकरं हाकलायचं काम संपलं, आणि २८ तारखेला पोलीस ठाण्यात बंदूक दाखवायची आहे. ती धड नसेल तर तुझा शेतीराखणीचा परवाना थांबेल, हे वाचून लिहायला बसले.

आमच्या घरात बंदुकीतलं कळतं ते बाबांना. मुलुंडच्या बँकेच्या दारात सत्तावीस वर्षं बंदूक घेऊन उभे राहिलेत. पण आतोबांच्या तेराव्याला त्यांनी तुला चारचौघांत फर्मावलं, की बंदूक जमा कर, घराला कुलूप लाव आणि भांडुपला चल. तू म्हणालीस, मी काय गाठोडं आहे? तेव्हापासून दोघांचा अबोला.

तरी तुझं पत्र मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, त्यांना काही ऐकायचं नाही. मग टीव्हीचा आवाज कमी केला आणि टीव्हीलाच सांगू लागले. आधी बंदूक उघडून आत काडतूस नाही ना ते डोळ्यांनी बघावं, बोटानेही चाचपावं. मग गजाला कोरडं फडकं बांधून नळी पुसावी. शेवटी बंदुकीच्या तेलाचा हात फिरवावा, तोही इतका पातळ की बोटाला जेमतेम लागेल. मी सगळं लिहून घेतलं, तसंच तुला कळवते.

तब्येतीला जप आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी, श्रुतिका

तळेवाडी, ९ डिसेंबर

चि. श्रुतिका हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

टीव्हीक माझो नमस्कार सांग. त्याने सांगितलं तसं करायला बसले, तर बंदूक उघडेचना. मी काय कमी केलं नाही गे बाय! दसऱ्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि घाण्यावरचं ताजं खोबरेल वाटीभर पाजलं. दाराच्या बिजागरीला चालतं, माझ्या गुडघ्यांना चालतं, बंदुकीला का नको? कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, म्हणून तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. आता थंडी पडली, तेल आत तुपासारखं थिजलंय.

परवाना गेला तर पुढच्या साली भात डुकरांचं. मग तुझा बापूस म्हणतो तसं मला कुलूप लावूनच यावं लागेल. त्या दोन खोल्यांत मी बसू खंय? मी जनावर मारत नाही, आभाळात बार काढते. तुझी पाखरं दचकतात, तेवढं माफ कर.

तुझ्या आईला, सुगंधाला, विचारलंय म्हणून सांग. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी आत्या

भांडुप, १४ डिसेंबर

ती. आते हिस,
सा. न. वि. वि.

खोबरेल ऐकून बाबांनी कपाळावर हात मारला आणि खोकला लागेपर्यंत हसले. आईने पाणी दिलं. पण चिंधीच्या बोळ्याशी आल्यावर त्यांचं हसू थांबलं. असा बार काढला तर नळी फाटते आणि धरणाऱ्याचा हात जातो, म्हणाले. काडतुसं वेगळ्या पेटीत कुलपात ठेव. बंदूक ठोकू नकोस, चुलीवर शेकू नकोस, कुणाला हात लावू देऊ नकोस.

आते, मी मनातून तुझी बंदूक जावी अशाच मताची होते. बी.एस्सी. झाले म्हणून मला सगळं कळतं असं वाटत होतं. पण बंदुकीबरोबर तुझं घरही जाणार, हे माझ्या तत्त्वात कुठे लिहिलेलं नव्हतं.

बंदूक उघडून द्यायला बाबा तयार आहेत, पण म्हणतात, बोलावल्याशिवाय तळेवाडीला जाणार नाही. एक ओळ लिहिशील?

रागावलीस तरी चालेल, परकी मात्र मानू नकोस.
श्रुतिका

तळेवाडी, १९ डिसेंबर

चि. श्रुतिका हिस,
आशीर्वाद.

बहिणीच्या घरी यायला भावाला अक्षता लागतात? दार उघडं आहे. पण मी बोलावणार नाही. बोलावलं तर तो पुन्हा कुलूप घेऊन येईल आणि शेजारच्या शकुसकट सगळ्या वाडीला तेच ऐकवेल. त्यापेक्षा बंदूक तशीच ठाण्यात नेईन, होईल ते होईल. कुळीथ झाले की पाठवते.

तुझ्यावर राग नाही, मायाच आहे.
तुझी आत्या

भांडुप, २३ डिसेंबर

ती. आते हिस,
सा. न. वि. वि.

मी एक अपराध केला. बाबा तुझ्या पत्रांना हात लावत नाहीत, पण मी वाचते तेव्हा कान इकडेच असतो. तुझं पत्र वाचताना ‘बोलावणार नाही’ ते मी गाळलं आणि त्यात नसलेल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. पहिली, जयवंता, ही बंदूक तुझ्याशिवाय कुणाला उघडायची नाही. दुसरी, कुलपाचं नाव काढणार नसशील तरच ये. मुलांना रोज खरं बोला म्हणून सांगणारी मी, एकदाही अडखळले नाही.

बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, ताई पहिल्यापासून अशीच, विनंतीतसुद्धा अट घालते. अट मात्र कबूल केली. आज सकाळी जाऊन गज, पितळी ब्रश आणि तेलाची बाटली घेऊन आले. संध्याकाळी मी त्यांना एस.टी.त बसवणार आहे. हे पत्र पाकीट चिकटवून त्यांच्याकडेच देते.

तू हे वाचत असशील तेव्हा ते अंगणात उभे असतील. पत्र लपव आणि आधी चहा ठेव.

तुझी खोटारडी,
श्रुतिका