नऊ पॉइंट सहा

बाबा, मंगळवारी मी एका फॉर्ममध्ये वाऱ्याचा वेग खोटा लिहिला. तेवढंच सांगायचं आहे, पण तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली आणि माझं हे काम तेव्हा ग्वाल्हेरात नव्हतंच, म्हणून आधी ते सांगावं लागेल. आम्ही ड्रोनने रक्त पाठवतो. पिशव्या तुमच्या रक्तपेढीसारख्याच एका रक्तपेढीतून निघतात. हवाई तळामुळे शहरावरून उडवायची परवानगी नाही, म्हणून आमची शेड शहराबाहेर आहे, पुढे सिमेंटचा एक गोल. तिथपर्यंत खोकं मोटरसायकलवर येतं. आणणारे काका शहरातल्या हजीऱ्याचे. पूर्वी अँब्युलन्स चालवायचे, तुम्हाला ओळखायचे. मला बिटिया म्हणतात आणि ड्रोनला चिड़िया. शेडपासून नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रापर्यंत हवेतून बावीस मिनिटं लागतात. पूल बंद झाल्यापासून रस्त्याने दोन तास.

तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या आहेत. सावध बाई. बाळंतपणाला आलेल्या एका बाईचं रक्त आधीच फार कमी आहे हे बघून त्यांनी सकाळच्या फेरीतच तिचा नमुना इकडे पाठवला होता. त्यामुळे दुपारी एक वाजता जुळवलेल्या दोन पिशव्या काकांच्या खोक्यात तयार होत्या. मूल झालं होतं, मुलगी. बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. काका गाडी स्टँडला लावत म्हणाले, "बिटिया, आज तुम्हारी चिड़िया नखरे करेगी। मेरी तो फटफटी ही सड़क पे तिरछी चल रही थी।" मेचा महिना, आकाश मातीच्या रंगाचं, शेडचा पत्रा वाजतोय.

उडवण्याआधी हातातल्या यंत्राने वारा तीनदा मोजायचा, मध्ये दोन-दोन मिनिटं सोडायची, आणि तीनपैकी सर्वांत मोठा आकडा फॉर्ममध्ये भरायचा. सेकंदाला दहा मीटरच्या वर भरला तर मोटरचं कुलूप उघडत नाही. मला अकरा मिळाला, मग तेरा, मग बारा. नियम उगाच केलेला नाही. भरलेलं ड्रोन अठरा किलोचं असतं, आणि वाटेत एका गावाच्या कडेने जावं लागतं, जिथे मंगळवारी बाजार भरतो. मी तेरा भरला. कुलूप लागलेलंच राहिलं. डॉक्टरांना फोन करून सांगितलं की वारा जास्त आहे, थांबावं लागेल. त्या म्हणाल्या, "कितना?" मी म्हटलं, सांगता येत नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. "मैडम, मैं हाथ से दबाकर बैठी हूँ। गाड़ी में डाला तो रास्ते में ख़त्म। आप मुझे हाँ या ना बोलिए, मैं उसके आदमी को बता दूँ।"

मी चौथ्यांदा वारा मोजला. साडेबारा. त्या वेळी मला तुमची आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. आठवण नंतर आली. मी फॉर्म पुसून नवा उघडला, नऊ पॉइंट सहा भरला आणि कुलूप उघडलं. नऊ म्हटलं असतं तर फार गुळगुळीत दिसलं असतं, म्हणून पॉइंट सहा. एवढा विचार मी केला होता. काका शेजारी उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागे सरकून गोल रिकामा करून दिला.

आता बावीस मिनिटं. ड्रोन उठतं, आणि उठताच डावीकडे ढकललं जातं. मी लॅपटॉपसमोर आहे, हात मांडीवर, कारण उडताना मला फारसं काही करायचं नसतं, फक्त बघायचं असतं. सातव्या मिनिटाला ते वाटेपासून चाळीस मीटर सरकलेलं आहे, बाजाराच्या बाजूला. त्याचा कॅमेरा मला खालचं दाखवतो: निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या, त्यांच्याखाली माणसं असणार. माझ्याकडे एक बटण आहे, दाबलं की ड्रोन परत फिरतं. मी बोट त्यावर ठेवते आणि मोजते. एकोणीसपर्यंत मोजल्यावर ताडपत्र्या संपतात. मग नदी. अर्ध्या वाटेला बॅटरी पंचाहत्तर टक्के असायला हवी, ती पंचावन्न आहे. पस्तीसला ड्रोन आपणहून विचारतं, परतू का? मी नाही म्हणते. काका मागून म्हणतात, "पहुँचेगी?" मी म्हणते, "पता नहीं।" त्या दिवसभरात मी दिलेलं हे एकच सरळ उत्तर. ते उतरलं तेव्हा अकरा टक्के उरली होती. डॉक्टरांचा आवाज आला, "मिल गया," आणि फोन बंद झाला.

तुमची आठवण संध्याकाळी घरी आली, स्वयंपाकघरात. मी बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होते, तुम्ही धुवायचात तसे, आणि आई तुम्हाला म्हणायची तेच मला म्हणाली: "इथे कोणी पेशंट नाही, जेवायला बस." मग मला नववीची सुट्टी आठवली. मी तुमच्याबरोबर रक्तपेढीत यायचे, कारण तिथे गार असायचं. दर दोन तासांनी फ्रिजचं तापमान तक्त्यात लिहायचं काम तुम्ही मला दिलं होतं. एकदा मी खिडकीशी गोष्टीचं पुस्तक वाचत बसले, दोनची नोंद राहिली आणि चार वाजता मी दोन्ही रकान्यांत चार अंश लिहून टाकलं. कारण नेहमी चारच असायचं. तुम्हाला कसं कळलं ते मला अजून माहीत नाही, बहुधा शाई. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "बेटा, आकडा बरोबर असेल. पण तू बघितलं नाहीस." मग तो रकाना खोडून तिथे "नोंद घेतली नाही" असं लिहिलंत, खाली स्वतःची सही केलीत, आणि पुढच्या आठवड्यात त्याबद्दल तुम्हाला मेमो आला. आई चिडली होती. "मुलीने चार लिहिलं तर काय आभाळ कोसळलं? सगळे लिहितात." तुम्ही पोळी तोडत म्हणालात, "सगळे लिहितात म्हणूनच भीती वाटते." तेव्हा मला तुमचा राग आला होता. वाटलं, मेमो घेऊन तुम्ही मला लहान केलंत. मंगळवारी मी तर बघून लिहिलं होतं, चारदा बघून.

रक्त वेळेत पोचलं म्हणून बुधवारी इंदरगंजच्या ऑफिसात लाडू वाटले. साहेबांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या संपल्यावर बॅटऱ्या सांभाळणारा माझा सहकारी कागद घेऊन आला. "नौ पॉइंट छह की हवा में इतनी बैटरी खा गई? ये सेट ख़राब है, मैं निकाल रहा हूँ।" मी हातात लाडू घेऊन उभी होते. सेट खराब नव्हता, बाबा. उलट झेपत नव्हतं ते त्याने केलं होतं. मी म्हटलं, एक-दोन दिवस थांब. तो म्हणाला, "क्यों?" मी म्हटलं, असंच. तो आता दुसऱ्या केंद्रांवरचे तसलेच सेटही तपासायला निघाला होता. ते बाजूला काढले की तिथली उड्डाणं बंद. एका खोट्या आकड्यावर मोजमाप उभं राहायला लागतं तेव्हा ते किती पटकन उभं राहतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तरी मी बुधवारी बोलले नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी मेल पाठवला: प्रत्यक्ष वारा तेरा होता, तो आधीच्या पुसलेल्या फॉर्ममध्ये सापडेल, दुसरा आकडा मी जाणूनबुजून भरला, बॅटरी निर्दोष आहे. चार ओळी. साहेबांनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. "पागल हो? औरत बच गई, बात ख़त्म थी।" मग खुर्चीत बसत म्हणाले, "बाज़ार में गिर जाता तो?" मी म्हटलं, तोच प्रश्न आहे. चौकशी होईपर्यंत माझं उडवणं बंद आहे. लायसन्स राहील की जाईल, माहीत नाही. आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "बाई कशी आहे?" ठीक आहे म्हटल्यावर म्हणाली, "चलो, मग जेव." काकांनी फोन केला होता. चौकशीवाल्यांनी त्यांना विचारलंय की तेव्हा तुम्ही काय पाहिलंत. म्हणाले, "बिटिया, मैं क्या बोलूँ?" मी म्हटलं, जे पाहिलं ते.

तुम्ही असता तर एवढं ऐकून मान डोलावली असतीत, आणि मला बरं वाटलं असतं. म्हणून हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच ठीक आहे, कारण ती मान मी मिळवलेली नाही. मेल बुधवारी संध्याकाळीच लिहून ठेवला होता. मंगळवारनंतर तीन दिवस मी आरोग्य केंद्राला फोन केला नाही, बाई जगली का हे विचारायची हिंमत नव्हती. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनीच कळवलं की धोका टळला, आज मुलीला पाजलं. त्यानंतर दहा मिनिटांनी मी मेल पाठवला. ती गेली असती तर पाठवला असता की नाही, हे मला सांगता येत नाही.