शर्यतीत थांबलेली ताई

प्रिय भार्गवी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काल तुझ्या पप्पांकडून कळलं, की जालन्याच्या या रविवारच्या शर्यतीतून तू नाव काढून घेणार आहेस. मागच्या शर्यतीत अर्ध्यातून बाहेर येऊन रस्त्याकडेला बसलीस, कुणीतरी ‘तृप्तीची पोरगी अन् अशी?’ म्हणालं, आणि तेव्हापासून तू बूट घातलेले नाहीत. लोकांचं तोंड कोण धरणार बाई?

तुझी आई दहा किलोमीटरमध्ये राज्यात पहिली आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधीची ताई मी पाहिली आहे. रोज पहाटे ती जाफराबादच्या रस्त्याने पळायची आणि मी मागून कुरकुरत सायकल हाणायचो. गावाबाहेरच्या मारुतीपाशी थांबायचं, बूट काढून पाया पडायचं, मगच पुढे जायचं, हा तिचा नेम.

आता ऐक. तालुक्याची तिची पहिली शर्यत नेमकी त्याच रस्त्यावर होती. ताई सगळ्यांच्या पुढे. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेला. मारुती आला आणि ही बया थांबली! लेस सोडल्या, बूट काढले, सावकाश पाया पडली, पुन्हा लेस बांधायला बसली. मी ‘अगं जल्दी, जल्दी!’ म्हणून बोंबलतोय आणि पोरी एकेक करून पुढे निघून चालल्यात. गावभर हसं झालं. किराणावाला हरिओम तर दिसेल तेव्हा विचारायचा, ‘मंग, काय म्हन्ला मारुती?’ ताई जेवली नाही, खूप रडली, ‘आता बिलकुल पळणार न्हाई’ म्हणाली. मला वाटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनेच माझी गोधडी ओढली. ‘ऊठ सोम्या, उजाडून राह्यलंय.’

तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्याने कुणी पळताना दिसलं की मी गाडी हळू करतो. फार आठवण येते गं तिची. तू तिच्यासारखी हो, असं मी म्हणत नाही. जिंकलंच पाहिजेस असंही नाही. तुला पळायला आवडतं, लहानपणापासून आवडतं. तेवढ्यासाठी पळ.

खरं सांगू? हे पत्र आजीने लिहायला लावलंय. तुला माहीत नसेल, तिने पोटच्या लेकीला पळताना एकदाही पाहिलं नाही. प्रत्येक शर्यतीला देव पाण्यात घालून ती देवघरासमोर बसायची, आणि निकाल कळेपर्यंत जागची उठायची नाही. काल पप्पांचा फोन झाल्यावर देवघरापर्यंत जाऊन परत आली. मग म्हणाली, ‘लिही तिला. यंदा म्या देव पाण्यात घालणार न्हाई. लेक पाह्याची राहून गेली, नात तरी डोळं भरून पाहीन. शेवटची आली तरी चालंल.’ शनिवारच्या एसटीने आम्ही दोघं तुमच्याकडे मुक्कामाला येतोय. आजीला फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा कुठल्या वळणावर थांबलो म्हणजे तू लांबून येताना दिसशील, तेवढं कळव.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
सोमामामा