बोक्याची वजाबाकी

११ फेब्रुवारी, शुक्रवार
कारखान्यामागची खोली

प्रिय ताई,

नमस्कार. मी इकडे बरा आहे, तूही बरी असशील असं धरून चालतो. पत्रास कारण काय ते वरच लिहायचं असतं, पण ते मी खाली ठेवलंय. वर लिहिलं तर तू पुढचं वाचायची नाहीस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी दुसऱ्याच वाक्याला शिव्यांवर येतो. कागदावर शिवी लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात राग थोडा बसतो म्हणतात. बघू.

ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल करत बसू नकोस. एवढं मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय.

तर खुशाली. मी या कारखान्यात टिकलोय, यावर तुझा विश्वास बसणार नाही. याच्या ढुंगणाला चाकं आहेत, असं तूच म्हणायचीस. बेकरी सोडली, गोदाम सोडलं, त्या शिंप्याकडे तर सुईत दोरा ओवायच्या आधीच पळालो. पण काच आवडली. काचेवर कटर एकदाच फिरवायचा. ओरखडा नीट बसला की खालून टकटक केल्यावर ती गपचूप सांगितल्या जागी तुटते. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवला की बिघडली. मालक म्हणतो, तुझा हात चांगला आहे, फक्त तोंड बंद ठेवायला शीक.

त्याने मला मोठं टेबल देऊ केलंय. घेतलं तर नवीन शेड सुरू होऊन तिथली पोरं तयार होईपर्यंत जागचं हलायचं नाही. घ्यायचं नसेल तर दुसरा माणूस तयार आहे. सोमवारच्या आत सांग म्हणाला. मला ते नकोच होतं. मला तुमच्याकडे येऊन शाळेच्या रस्त्यावर काचेचं छोटं दुकान टाकायचं होतं, तुला दोनदा लिहिलंही होतं. तू उलट लिहिलंस की इकडे कामं नाहीत, जागा लहान आहे, आईची तब्येत नाजूक आहे, तिला धक्का सोसणार नाही. मी ते वाचून विचार करत बसलो की पोरगा घरी आला तर त्यात धक्का कसला? मी मठ्ठ, हे तर सगळे शाळेपासून सांगतात.

आता सोमवारची गोष्ट. सोमवारी तुझ्या आधार वर्गात एक मुलगी परत येईल. सहावीतली, पुढचे दात मोठे, बोलताना एक डोळा बारीक करणारी. महिनाभर गैरहजर आहे. तिच्या डाव्या हाताला पट्टी असेल. पट्टीखाली टाके आहेत. ते माझ्यामुळे पडले आणि तुझ्यामुळेही. कोणामुळे किती, ते तू मांड. गणित तुझं चांगलं आहे.

झालं असं. मोठ्या काचा घेऊन आमच्याकडे जो ट्रक येतो, त्याचा ड्रायव्हर बदलला. नवा माणूस तुमच्या गावचा. टेबलापाशी चहा पिताना कोणीतरी मला हाक मारली, "बोक्या, पान्हा दे." तसा तो हसायला लागला.

"बोका? खरंच बोका म्हणतात तुला? अरे, आमच्या पोरीच्या शाळेत तुझ्या नावाची वजाबाकी आहे!"

मी म्हटलं, "कसली वजाबाकी?"

"मोठ्यातून लहान काढायची. वर कोण, खाली कोण, बघायचंच नाही. मोठा आकडा दिसला की बोका त्याच्यावर झडप घालतो. भिंतीवर चित्रच आहे ना, हा असा जाडा बोका."

मी कप खाली ठेवला. साय चोरतो म्हणून मला बोका नाव पडलं ते आपल्या घरात. आणि बावन्नातून अडतीस गेले तर सव्वीस उरतात, कारण आठातून दोन गेले सहा आणि पाचातून तीन गेले दोन, हे माझं शास्त्र जगात एकाच माणसाला माहीत होतं. दाराच्या मागच्या बाजूवर खडूने लिहून तू मला शिकवायचीस. वर्ग एका विद्यार्थ्याचा, आणि छडी म्हणून आईचं लाटणं. सगळे मला ढ म्हणायचे. तू एकटी म्हणाली होतीस, "हा ढ नाही. हा दहा चुका करत नाही, एकच चूक दहा वेळा करतो." ताई, ते वाक्य मी अजून खिशात घालून फिरतो. शाळा सुटली, वाक्य नाही सुटलं. त्याच वाक्यावर तुझी नोकरी उभी आहे. ती मी दिलेली आहे म्हटलं तर चालेल ना?

"कोण शिकवतं?" मी विचारलं.

"आधार वर्गाच्या बाई. सोन्यासारखी बाई. मागे पडलेली पोरं वर्गातून चिठ्ठी देऊन बोलावतात, आणि एकेकाला घेऊन बसतात. त्यांचा भाऊ होता म्हणे बोका."

होता म्हणाला. मला वाटलं, ड्रायव्हर माणूस, बोलला असेल घाईत.

मुलगी ट्रकमध्येच बसली होती. शाळेत जायचं म्हटलं की ओकते, म्हणून तो तिला बरोबर घेऊन फिरतो. तिने खिडकीतून डोकं काढलं तसा बाप गमतीने ओरडला, "ए, हे बघ कोण! खराखुरा बोका!"

तिचं तोंड खडूसारखं झालं. म्हणाली, "पण तुम्ही तर मेलात ना?"

इथे मी जे केलं ते लिहायला मला दोन चहा लागले. मला वाटलं, पोर आगाऊ आहे, टेबलावरची सगळी माणसं ऐकतायत, तर होऊन जाऊ दे मजा. मी डोळे वटारले, पांढरी धूळ लागलेले हात पुढे केले आणि म्हणालो, "हो, मेलो. वजाबाकी चुकली आणि खलास. आता चुकणाऱ्यांना न्यायला आलोय."

सगळे खो-खो हसले. बापही हसला. ती दुसऱ्या बाजूच्या दाराने उडी मारून पळाली ती थेट काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्यांमध्ये. तिथे आम्हीसुद्धा अंग चोरून जातो, तुकड्यांच्या कडा बाहेर आलेल्या असतात. ओरडण्याचा आवाज आला नाही. मी आत गेलो तर ती खाली बसलेली, आणि रक्त कोपरापासून टपटपत होतं. मला बघून तिने डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "मी सुधारते. मी करते नीट. मला नका नेऊ."

ताई, पुढचं वाचायच्या आधी हे वाक्य पुन्हा वाच. मोठ्याने वाच. वर्गात वाचतेस तसं.

दवाखान्यात टाके पडताना तिने सगळं सांगितलं. तू दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला गोष्ट सांगतेस. माझा एक भाऊ होता, तो अशी वजाबाकी करायचा, त्याला वेळेवर कोणी आधार दिला नाही, आणि आता तो या जगात नाही. म्हणून मी तुमच्यासाठी आले. मुलं म्हणे एकदम गप्प होतात, काही रडतात. मग तू बोक्याचं चित्र दाखवतेस. गोष्ट छान आहे, मला आवडली. त्यात एकच बारीक चूक राहिली. या पोरीने तुझी गोष्ट ऐकली आणि आपली वही उघडून बघितली. वहीत सगळीकडे मोठ्यातून लहान. तिने साधा हिशोब केला. अशी वजाबाकी करणारा मेला, मी अशी वजाबाकी करते, म्हणजे मी मरणार. तर्कात कुठे चूक आहे सांग. तुझ्या दर पंधरवड्याच्या चाचणीत तिचा आलेख खाली जात होता आणि तू तिच्या बापाला लिहून दिलंस, "प्रतिसाद नाही." प्रतिसाद कसा देईल ताई? ती मरायची वाट बघत होती.

मैदानात पोरं तिला "बोके, कधी मरतेस?" म्हणतात, हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत नसेल तर तू आंधळी. माहीत असेल तर काय ते तूच शोध, मला शब्द सापडत नाही, आणि सापडला तो लिहिण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक परतीच्या मालाने भरेपर्यंत मी तिला टेबलापाशी बसवलं. काचेच्या तुकड्यावर पेनाने लिहिलं, बावन्न वजा अडतीस. तिच्यासमोर केलं, सव्वीस. म्हटलं, "बघ, मेलो का?" तिने बोट काढून माझ्या दंडाला टोचलं. मी म्हटलं, जोरात टोच. टोचलं. मग म्हणाली, "पण हे चूक आहे."

"मग नीट दाखव."

"दोनातून आठ जात नाहीत. शेजाऱ्याकडून दहा उसने घ्यायचे. बारातून आठ गेले चार. शेजाऱ्याचे पाच होते, आता चार. चारातून तीन गेले एक. चौदा."

येतं ना तिला! सगळं येतं. तू शिकवलंस ते पोचलंय, तू चांगली शिकवतेस, हे मी मान्य करतो, लाटण्याशिवाय तर फारच चांगली. तिचा हात फक्त भीतीने चुकत होता.

मी विचारलं, "आणि उसने घेतलेले दहा परत कधी करायचे?"

ती हसली. दात सगळे बाहेर. म्हणाली, "अहो, ते परत नसतात करायचे!"

मला लहानपणी कोणी हे सांगितलंच नाही. मी म्हणायचो, परत करायचे नाहीत तर घ्यायचेच कशाला. तू त्यावर लाटणं मारलं होतंस.

तिने विचारलं, "बाईंना सांगू का, तुम्ही जिवंत आहात ते?"

नको सांगूस, असं मला म्हणता आलं असतं. बापाला बाजूला घेऊन समजावता आलं असतं, गडी भला आहे. मी म्हटलं, "सगळ्यांसमोर सांग. आणि हे दाखव." त्या काचेच्या तुकड्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, त्यावर बोका कोरला, खाली माझी सव्वीसवाली वजाबाकी, त्याखाली तिची चौदावाली, आणि एका कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख. अक्षर तुझ्या भिंतीवरच्या कागदाशी जुळवून बघ. ड्रायव्हरने फोटो दाखवला मला. माझं सातवीतलं पान तू चौकटीत लावलंयस, आणि त्या चौकटीची काच खालून दोन सूत आखूड आहे. कोणी कापली? मला सांगितलं असतंस तर बरोबर मापाची पाठवली असती. मेलेल्या माणसाच्या पानाला निदान काच तरी पुरती लावायची.

हे सगळं लिहून झालं. आता ते, जे मी टाळतोय.

आधार वर्गासाठी तुझा सत्कार झाला, त्या कार्यक्रमाला आई होती. पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. हे ड्रायव्हरने सांगितलं, त्याची बायको तिच्या मागेच बसली होती. तू माईकवर म्हणालीस, "माझा भाऊ आज असता तर," आणि आईने डोळ्यांना पदर लावला. सभागृह रडलं. त्याची बायको घरी येऊन जेवली नाही म्हणे. मला सांगताना त्याचाही आवाज बसला, आणि मग त्याला आठवलं की मी समोर उभा आहे.

ताई, तुझं मी समजू शकतो. तू बोलता बोलता एकदा बोललीस, लोक रडले, मग परत फिरता आलं नाही. पण आईने पदर कोणासाठी लावला? तिला रडू आलं की तू सांगून ठेवलं होतंस? तू सांगितलं असशील तर तू जनावर आहेस. खरंच रडू आलं असेल तर त्याचा अर्थ मला नको. मी आठवडाभर यातलं एक निवडायचा प्रयत्न करतोय. दोन्हीकडे आकडा मोठाच येतो.

हे पत्र ड्रायव्हर तुला रविवारी आणून देईल. मुलगी सोमवारी येईल. मी तुला एक दिवस देतोय, तू मला तेवढाही दिला नव्हतास. त्या पोरीला खोटं पाडून तुला सुटता येईल, तू तशी सुटूही शकतेस, पण मग ती पुन्हा ओकायला लागेल, आणि तिची काच तिच्याकडे असेलच.

मालकाला आज हो म्हणून आलो. टेबल घेतलं. म्हणजे घाबरू नकोस, मी दारात येणार नाही. शाळेच्या रस्त्यावर दुकान नाही, आईला धक्का नाही. तू लिहिलंस तसंच झालं सगळं. फक्त आता ते तुझ्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनाने झालंय, एवढा फरक आहे.

आईला नमस्कार सांग म्हणून लिहिणार होतो. कोणाचा म्हणून सांगशील?

खाली सही करतोय. नावाच्या मागे थोडी जागा सोडली आहे. तिथे "कै." लिहायचं की काही लिहायचं नाही, ते सोमवारी पोरांसमोर तूच ठरव.

तुझा पहिला विद्यार्थी,

........ बोका