नवरंगाच्या जमिनीची व्यवस्था

मी, रेणुका गंगाधर खांबेटे, वय चौपन्न, राहणार तुंगार्ली, लोणावळा, व्यवसाय साप्ताहिकांतून लोकांची टर उडवणे आणि उरलेल्या वेळात रानातले फोटो काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. सई ओक यांनी तसे सोबत लिहून दिले आहे. ज्यांना आजवर शंका होती त्यांनी तो कागद वाचावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पुढच्या आठवड्यात पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही असे सर्जन म्हणाले, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत होते. म्हणून ही लिखापढी.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा वर्गमित्र अॅड. निलेश याने करावी. "कलमांत गोष्टी सांगत बसू नकोस," असे त्याने बजावले आहे. त्याचे ऐकायचे असते तर त्याच्याकडूनच लिहून घेतले नसते का?

२. तुंगार्लीचा फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या दिवंगत भावाची पत्नी इंदिरावहिनी हिला मिळावे. रानात एकटी कशाला जातेस, असे न विचारणारी घरातली ती एकटीच. ती पहाटे डबा भरून द्यायची आणि परत आल्यावर विचारायची, "काय दिसलं?" हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांनी विचारला असता तर मी लग्नकार्यांनाही गेले असते.

३. छायाचित्र मंडळाने मला दिलेले दुसऱ्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र मंडळाच्या अध्यक्षांना परत करावे. पहिला क्रमांक त्यांनी ज्या बेडकाच्या फोटोला दिला, तो बेडूक फ्रीजमधून काढून फांदीवर बसवला होता. गारठल्यामुळे हलत नव्हता, बिचारा. परीक्षकांनी त्याला 'ध्यानस्थ' म्हटले.

४. कॅमेरा, तिवई आणि मोठी लेन्स माझा सख्खा भाचा गंधार, म्हणजे वहिनीचा मुलगा, याला द्यावी. लोणावळ्याच्या पावसात काचेला बुरशी धरते, म्हणून लेन्स इंद्रायणी तांदळाच्या डब्यात ठेवलेली आहे. तांदूळ टाकून देऊ नयेत. मी ते खात आले आहे. लेन्सची चव लागत नाही.

५. आता मुख्य गोष्ट. मळवलीच्या वर, लोहगडाच्या रस्त्यापासून आत, वडिलांनी त्यांच्या मृत्युपत्राने मला दिलेली जमीन. वर कातळ, मध्ये करवंदीची जाळी, खाली ओहोळ. पीक काही नाही. सातबारा सोबत जोडला आहे. सातबाऱ्यावर नसलेली नोंद अशी, की मे सरता सरता तिथे नवरंग पक्षी येतो आणि जाळीच्या बुडाशी, पाचोळ्याचा गोळा वाटावा असे घरटे करतो.

पहिल्यांदा तो दिसला त्या सकाळी धुके इतके दाट होते, की लेन्स पुसावी आणि पुन्हा वाफ धरावी. कंटाळून कॅमेरा मांडीवर ठेवला आणि सपाट दगडावर नुसती बसून राहिले. वारा फिरला. धुके खालून वर उचलले गेले: आधी ओहोळ, मग भातखाचरे, मग पलीकडे विसापूरची तटबंदी, सगळे ओले आणि नुकतेच केल्यासारखे. आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर तो उभा होता. मुठीएवढा जीव. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाशी असे लाल, की ते कोणाला दाखवण्यासाठी असेल असे वाटेना. त्याने मान मागे टाकून दोन स्वरांची शीळ घातली. शीळ कड्यावर जाऊन परत आली. त्याने ती ऐकली आणि पुन्हा घातली. मी लोकांना हसून पोट भरणारी बाई. त्या दिवशी टर उडवण्याजोगे काही सापडले नाही. श्वास सोडला तर हे सगळे पुसले जाईल, अशी भीती वाटत होती.

त्या सकाळचा माझ्याकडे एकही फोटो नाही. बैठकीची एक भिंत त्यासाठी रिकामी ठेवली आहे. वहिनीने तिथे कॅलेंडर लावू नये.

गंधारला रान मीच दाखवले. आता तो पैसे घेऊन लोकांना फोटो-सहलींना नेतो. गेल्या वर्षी त्याने मंडळी याच जाळीपाशी आणली आणि करवंदीत छोटा स्पीकर लपवून नवरंगाचीच शीळ लावली. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे वाटून हा घरटे सोडून भांडायला येत होता. यायचा, शोधायचा, कोणी नाही, पुन्हा यायचा. चोच उघडी पडली होती. कॅमेऱ्यांचा कडकडाट चालू. मी स्पीकर बंद केला आणि सगळ्यांच्या समोर उभी राहिले.

"आत्या, दोनच मिनिटं. लोक मुंबईहून आलेत गं."

"तो श्रीलंकेहून आलाय. त्याला आधी बसू दे."

त्या दिवशीच्या सगळ्यांच्या फोटोंत माझी पाठ आली आहे. ती रुंद असल्याचा मला प्रथमच अभिमान वाटला. गंधार तेव्हापासून माझ्या घरी आलेला नाही.

म्हणून या कलमाच्या पहिल्या मसुद्यात जमीन शेजारच्या खाचरांच्या मालकीण मुक्ताबाई यांना दिली होती. गेल्या शनिवारी सांगायला गेले, तेव्हा त्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.

"नगं," त्या म्हणाल्या. सूपही थांबले नाही.

"का हो?"

"माज्या नावावर म्हंजी उद्या संदेशच्या नावावर. लेक माजाच हाय, पर सांगते. वरीसभरात तितं बंगला हुबा ऱ्हाईल, आन् पवायचा हौद. निळा."

"मग देऊ कोणाला?"

"भाच्याला."

"त्या भोंगा लावणाऱ्याला?"

"आवं, तो येतो की आइतवारी. यंदा लय येळा आलाय. दगडावर बसतो. हातात काय बी न्हाई. मी इचारलं, तुजं फोटूचं नळकांडं कुटं? म्हनला, घरी. म्हनलं, आत्याला सांगू का? म्हनला, नको मावशी, ती फाडून खाईल."

"आणि बसून करतो काय?"

"तुमी काय करता?"

मी त्यांच्या सुपातले खडे वेचायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाईंच्या अंगणातून दुर्बीण लावली. चढ मला आता झेपत नाही. खाली लोहगडाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि हॉर्न; वर दगडावर गंधार. हात रिकामे, मान जाळीकडे. बराच वेळ तो हललाच नाही. मग एकदम त्याने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तसाच राहिला. नवरंग मला दिसला नाही. दिसायची गरजच नव्हती.

सबब सदर जमीन गंधार यास द्यावी. कोणतीही अट नाही. "अट घाल, नाहीतर पस्तावशील," असे निलेश म्हणाला. पस्तावायला मी असेन तर आनंदच आहे.

६. दुर्बीण या मृत्युपत्रात नाही. लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये असे निलेश म्हणाला, आणि मुक्ताबाईंना साक्षीदारच व्हायचे होते. म्हणून ती आजच त्यांच्या हातात दिली. शेजारच्या सरुबाईच्या शेळ्या कोणाच्या खाचरात शिरतात, हे त्यांनी सही करण्यापूर्वीच शोधून काढले आहे.

७. गंधारला हे सगळे माझ्या मागे वाचायला मिळेल. त्याआधी, येत्या रविवारी, मुक्ताबाई मला धरून चढ चढवणार आहेत. कॅमेरा घरी आणि लेन्स तांदळातच राहील. त्या दगडावर दोघे मावतात. मी काही बोलणार नाही. तो सरकून जागा देतो का, एवढेच बघायचे आहे.

वरील मजकूर मी वाचला, खोडण्यासारखे पुष्कळ सापडले, पण काही खोडले नाही.

लिहून देणार: रेणुका गंगाधर खांबेटे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. मुक्ताबाई महिपती शेळके, मळवली (सही)
२. डॉ. सई ओक, लोणावळा (सही)

ठिकाण: लोणावळा
दिनांक: १० जुलै २०२४